सौम्य सागरी पदयात्रा मंडळ

माणसानं निवृत्त झाल्यावर काहीही करावं, पण मंडळ स्थापन करू नये. टोमॅटो लावावेत, बायकोच्या स्वयंपाकात चुका काढाव्यात, फार तर खिडकीत बसून कोण कुठं चाललंय ते बघावं. मी तिन्ही करून पाहिलं. आमच्या हवेत टोमॅटो लाल व्हायला तयार होईनात, बायकोनं, म्हणजे न्यूलानं, स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं आणि खिडकीतून दिसणारी माणसं रोज तीच, त्याच बाजूला जाणारी. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी म्हणतात, तसं मग मी मंडळ काढलं.

अर्थात नुसत्या रिकामपणातून नव्हे. कारण होतं ती बंदराची वाट. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या रॉसनामारा गावात चर्चच्या फाटकापासून ही वाट निघते, जाळी वाळत घातलेल्या धक्क्याला वळसा घालते आणि समुद्राच्या कडेकडेनं टोकावरच्या जुन्या कबरस्तानापर्यंत जाते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट. आमच्या गावात सपाट अशी ही एकच गोष्ट आहे. बाकी कुठंही जायचं तर चढ, आणि साठीनंतर गुडघ्यांना चढ समजावून सांगता येत नाही. ही वाट गेली तर गावातल्या म्हाताऱ्यांना समुद्र फक्त टीव्हीवर दिसणार. गेल्या हिवाळ्यातल्या वादळानं तिचा कठडा उचलून नेला, आणि काउंटी कौन्सिलनं, म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेनं, ठरवलं की कठडा बांधण्यापेक्षा दोन्ही टोकांना फाटक लावून कुलूप ठोकलेलं बरं.

मी कौन्सिलच्या कचेरीत गेलो. पहिल्या खिडकीनं दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरी जेवायला गेली होती, तिसरीनं विचारलं की ही वाट वापरतं कोण. मी म्हणालो, मी वापरतो. त्यावर तो पोरगेला कारकून शांतपणे म्हणाला, "तुम्ही म्हणजे जनता नव्हे."

हे मला फार लागलं. तीस वर्षं मी रॉसनामाराचा पोस्टमास्तर होतो. अख्ख्या जनतेची पत्रं या हातांखालून गेली. कुणाचा मुलगा बॉस्टनहून पत्र पाठवत नाही आणि कुणाची बहीण उगाच फार पाठवते, हे मला जनतेच्या आधी ठाऊक असायचं. पण कचेरीच्या हिशोबात एकटा माणूस म्हणजे कुणीच नव्हे. नोंदवलेलं मंडळ असेल तर गोष्ट वेगळी, असं त्यानं सांगितलं. मी घरी आलो आणि चहा थंड व्हायच्या आत 'सौम्य सागरी पदयात्रा मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष मी, चिटणीस मी. सभासद म्हणून न्यूलाचं नाव घातलं. तिनं ते त्याच संध्याकाळी काढायला लावलं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या डिलिया कोयनबाईंनी सांगितलं की दर वळणावर एकेक खुर्ची हवी. धक्क्यावरच्या कोळ्यांचं म्हणणं पडलं की म्हातारे समुद्राकाठी न्यायचे तर प्रत्येकाच्या कमरेला दोर हवा, आणि दोर त्यांच्याकडे आहे. कौन्सिलनं कळवलं की पुढारी प्रथमोपचार शिकलेला हवा. मी शिकायला गेलो. तिथल्या रबरी बाहुल्याची छाती दाबता दाबता माझीच कंबर धरली आणि बाहुल्याला बाजूला सारून मला त्याच्या जागी निजवण्यात आलं. चमकणारी पिवळी जाकिटं मागवली होती, ती आली लहान मुलांच्या मापाची. मी ती गळ्यात अडकवायचा प्रयत्न केला तर न्यूला म्हणाली, लाळेरं बांधल्यासारखं दिसतंय, आता चमच्यानं भरवू का?

पहिल्या पदयात्रेला तिघं आलो. मी, डिलियाबाई, आणि शेमस लॅली, ज्याला ठार ऐकू येत नाही आणि जो बसची वाट बघत उभा होता असं नंतर कळलं. आयर्लंडमध्ये वाटेत भेटलेल्या माणसाशी हवामानावर बोलल्याशिवाय पुढं जाणं म्हणजे त्याच्या घराण्याचा अपमान. धक्क्यावर त्या दिवशी सगळे कोळी जाळी शिवत बसले होते. आम्ही प्रत्येकापाशी थांबलो, पाऊस येईल का यावर प्रत्येकाचं मत घेतलं, आणि शेवटच्याचं मत घेऊन होईपर्यंत पाऊस आला. पदयात्रा पबमध्ये विसर्जित झाली.

या सगळ्याला एक प्रेक्षक होता. टायग मलोनी. वाट सुरू होते तिथंच त्याचं घर आहे. आयुष्यभर बोट चालवली, आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि दिवसभर खिडकीत बसलेला असतो. लहानपणी आम्ही एका बाकावर बसायचो आणि एकाच छडीचा मार खायचो. पण अकरा वर्षांमागं ख्रिसमसच्या आधी गावच्या हॉलमध्ये पत्त्यांचे डाव होते, बक्षीस ख्रिसमसला भाजायची टर्की. शेवटच्या डावात टायगनं नियमानं टाकायलाच हवा असा राजा हातात दाबून ठेवला. मी तसं सगळ्यांसमोर म्हणालो. त्यानं हातातले पत्ते गठ्ठ्यात मिसळून टाकले, टर्की उचलली आणि घरी गेला. पुरावा नाही. गाव म्हणालं, पोस्टमास्तरला हरणं सोसत नाही. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. तो पोस्टाची तिकिटंसुद्धा शेजारच्या गावाहून आणायचा, आणि तिथंही तीच तिकिटं मिळतात, हे विशेष.

असो. कौन्सिलचे इंजिनिअर प्रेंडरगास्ट यांनी फोन करून सांगितलं की शनिवारी अकरा वाजता ते स्वतः मोडक्या कठड्यापाशी उभे राहतील. माणसं चालताना दिसली तर कठडा, नाहीतर कुलूप. इतकं सोपं. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं: न्यूला बहिणीकडे कॉर्कला गेली आणि मला सर्दी झाली. साधी नव्हे. अंगात ताप, आणि आवाज असा बसला की तोंडातून नुसती हवा यायची.

आता या अवस्थेत दारोदार फिरून माणसं कशी गोळा करणार? गुरुवारी मी जिल्ह्याच्या रेडिओला फोन केला. सकाळच्या बातम्यांनंतर ते गावोगावच्या सूचना सांगतात: कुठं बाजार आहे, कुणाची गाय हरवली. मजकूर मी आधी लिहून काढला होता. लिहिण्यात माझा हात चांगला आहे. गावात कुणी गेलं की रेडिओवर द्यायची खबर घरची मंडळी माझ्याकडूनच लिहून घेत, त्यामुळे भाषेला एक वजन आलेलं आहे. मी घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत, मध्येच नाक पुसत वाचून दाखवलं. रॉसनामाराचे माजी पोस्टमास्तर कॉर्मक हॅनाफिन. शनिवारी अकरा वाजता चर्चच्या फाटकापासून प्रस्थान. बंदराच्या वाटेनं, संथ गतीनं, जुन्या कबरस्तानापर्यंत. नंतर हॉलमध्ये चहा. सर्वांनी यावं, ही नम्र विनंती.

पलीकडची मुलगी इतकी हळुवारपणे बोलत होती की मला रेडिओबद्दल आदर वाटला. सावकाश सांगा, घाई नाही, म्हणाली. वय विचारलं. विम्यासाठी असेल म्हणून मी एकाहत्तर सांगितलं. त्याआधी घरी भेटायला आलं तर चालेल का, असं विचारलं. मी म्हणालो, मुळीच नको, घरी बायको नाही आणि भांडी चार दिवसांची पडलीत. भांड्यांचं बहुतेक तिला ऐकू गेलं नाही. मग तिनं विचारलं, फुलं? मी म्हणालो, फुलं कशाला, फुलं नकोत. ती म्हणाली, काळजी घ्या. मी म्हणालो, घेतोय, गरम व्हिस्की घेतोय.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं मयताच्या खबरी लिहिणाऱ्या माणसाला हे प्रश्न ओळखू आले नाहीत? नाही आले. दुसऱ्याची खबर मला कोसावरून कळते, स्वतःची कळायची सवय नव्हती.

शुक्रवारी सकाळी रेडिओवर निधनवार्ता लागल्या. त्या वेळी आमच्या जिल्ह्यात कपात चमचा ढवळायचा थांबतो. किलबेगच्या कुणी बाई गेल्या होत्या, त्यांच्यानंतर मी. हे मला अर्थात नंतर कळलं. मी तेव्हा लवंग घातलेली गरम व्हिस्की पिऊन, उजेड डोळ्यांना लागतो म्हणून सगळे पडदे ओढून झोपलो होतो. दिवसा ओढलेले पडदे म्हणजे घरात मयत, हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं. खबरीत काही उणं राहिलं असेल तर ते माझ्या पडद्यांनी भरून काढलं.

संध्याकाळी उठून दार उघडलं तर पायरीवर खाण्याचा ढीग. हॅम सँडविचचं ताट झाकून ठेवलेलं, सफरचंदाचे टार्ट, सोडा ब्रेड, एक अख्खी उकडलेली कोंबडी. दार वाजवायचं नाही म्हणून रेडिओनं सांगितलं होतं, तर गावानं गुपचूप ठेवून पाय काढला होता. माझे डोळे भरून आले. मंडळाला एवढा पाठिंबा? मी कोंबडीची तंगडी खाल्ली, सोडा ब्रेडला लावायला जॅम सापडेना म्हणून न्यूलाला फोन करून घोगऱ्या आवाजात विचारलं, कपाटात वरच्या फळीवर आहे हे ऐकून घेतलं, आणि तृप्त मनानं परत झोपलो.

शनिवारी जाग आली ती उशिरा. व्हिस्कीनं आपलं काम केलं होतं. दोन मफलर तोंडाभोवती गुंडाळले, लोकरी टोपी कानांवर ओढली आणि धावत फाटकापाशी गेलो, तर तिथं कुणी नाही. मग धक्क्याकडे नजर गेली. बंदराच्या वाटेवर माणसंच माणसं. अख्खं रॉसनामारा, शेजारच्या दोन गावांसकट, काळ्या कोटात, दोनदोनांच्या ओळीत, संथ गतीनं चाललं होतं. दुकानांचे पडदे खाली. बोटींवरचे कोळी टोप्या काढून उभे. मला वाटलं, शिस्त बघा. मी पिवळ्या जाकिटांचा हट्ट धरला होता, यांनी आपण होऊन एकसारखे कपडे केले.

शवपेटी नाही, पाद्री नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही का? आलं होतं. पण आमच्याकडे प्रेतयात्रेत विचारत नाहीत. विचारणं म्हणजे आपण उशिरा आलो अशी कबुली. मागच्यांना वाटलं पेटी पुढं आहे, पुढच्यांना वाटलं ती आधीच गेली, आणि फादरकडे हल्ली तीन गावं असल्यामुळे ते कुठं आहेत हे त्यांनाही ठाऊक नसतं.

मी शेवटच्या ओळीत घुसलो. बाजूला कोण म्हणून बघतो तर टायग मलोनी. ठेवणीतला कोट, हातात काठी, डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरा ढग. त्यानं मला ओळखलं नाही. मफलरातून माझं फक्त नाक दिसत होतं आणि तेही लाल झालेलं.

"चांगली गर्दी आहे," तो म्हणाला.

"आहे," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

"जिवंतपणी एवढी माणसं त्याच्याकडे कधी फिरकली नाहीत."

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला की ही मयत आहे. माझ्या पदयात्रेच्या वेळेला, माझ्या वाटेवर, कुणीतरी आपली प्रेतयात्रा आणून घातली होती. मला संताप आला. पण कोण गेलं हे विचारायची सोय नाही. मीही याच गावचा. म्हणून गोलगोल बोलत अंदाज काढावा असं ठरवलं आणि म्हणालो, भला माणूस होता बिचारा.

"भला कसला? हेकट," टायग म्हणाला. "तिकीट अर्धं नख वाकडं लावलं तरी परत लावायला सांगायचा."

मला वाटलं, असा माणूस गावात मी कसा बघितला नाही?

"पण फार वर्षांमागं माझी बोट एका वादळात दोन दिवस बेपत्ता होती ना," टायग पुढं म्हणाला, "तेव्हा हा पोस्ट बंद न करता फोनपाशी बसून होता. माझ्या बायकोला घरी जाऊन सांगितलं, वहिनी, तो येतोय. काही कळलेलं नसताना."

माझे पाय थबकले. त्या दोन रात्री मला कालच्यासारख्या आठवतात. मी मेलो होतो. सगळं एकदम कळलं: कोंबडी, टार्ट, फुलं नकोत.

टायग चालता चालता समुद्राकडे तोंड करून बोलत होता. "राजा माझ्याच हातात होता त्या दिवशी. बायकोचा तो शेवटचा ख्रिसमस, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला म्हटलं होतं, टर्की मीच आणतो. आणली. मग ह्याच्याशी बोलायला तोंड राहिलं नाही. आज बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता हा गेला. बोलायला हवं होतं रे."

अकरा वर्षं हे एक वाक्य ऐकायची मी वाट बघत होतो. ऐकल्यावर टेबलावर मूठ आपटून अख्ख्या पबला ऐकवायचं असं ठरवलेलंही होतं. आता नुसतं रडू येत होतं. मफलर खाली ओढून सांगावं, टायग, मी इथंच आहे. पण धीर होईना. माणूस एवढं मन मोकळं करतोय तर मेलेल्यानं मध्ये बोलू नये असं वाटलं.

एवढ्यात मोडक्या कठड्यापाशी आलो. तिथं एक उंच गृहस्थ हॅट छातीशी धरून उभे होते. इंजिनिअर प्रेंडरगास्ट. ते मान खाली घालून ओळीत शिरले आणि कठडा नाही तिथं डिलियाबाईंचा दंड धरून त्यांना सावकाश पलीकडे नेऊ लागले.

कबरस्तानाशी सगळे थांबले. खड्डा नाही. पेटी नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत, पण तोंड उघडायला कुणी तयार नाही. तेवढ्यात मागून कॉर्कच्या बसमधून उतरलेली न्यूला बॅग घेऊन आली. हॉलपाशी कुणी नाही, तेव्हा गाव कुठं गेलं म्हणून बघायला आली होती. तिला बघताच ओळ लागली. एकेक जण तिचा हात हातात घेऊन म्हणे, तुझ्या दुःखात आम्ही आहोत. इंजिनिअरही म्हणाले. बऱ्याच जणांशी हात मिळवून झाल्यावर तिनं डिलियाबाईंना हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

"अगं, तुझा कॉर्मक. गुरुवारी."

"काल संध्याकाळी त्यानं मला फोन करून जॅम कुठं ठेवलाय विचारलं."

डिलियाबाईंनी क्रॉसची खूण केली. सगळं कबरस्तान गप्प झालं. आणि त्या शांततेत मला शिंक आली. माझी शिंक गावात प्रसिद्ध आहे; पोस्टात शिंकलो तर धक्क्यावर ऐकू जायची. सगळ्या माना वळल्या. मी टोपी काढली, मफलर काढले, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसा उभा राहिलो.

न्यूलानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आठवडाभर बाहेर गेले, तर एवढं करून ठेवलंस?" म्हणाली, आणि मग माझा हात असा घट्ट धरला की हॉलपर्यंत सोडला नाही.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कोट इस्त्रीला दिलेल्यांना राग आला होता, कोंबडीवालीला तर फार. सर्वात जास्त चिडले प्रेंडरगास्ट. ही कौन्सिलची फसवणूक आहे, अशा चालण्याला वापर म्हणत नाहीत, असं ते म्हणू लागले. तेव्हा ठार बहिरा शेमस लॅली, ज्याला काय चाललंय हे कळलेलं नव्हतं, मोठ्यानं म्हणाला की आजोबांपासून ऐकलंय, ज्या वाटेनं मयत गेलं ती वाट कुणाच्या बापाला बंद करता येत नाही.

"पण मयत कुठं आहे?" इंजिनिअर ओरडले.

सगळ्या गावानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. मी पुढं झालो आणि म्हणालो, साहेब, तुम्ही स्वतः डिलियाबाईंचा दंड धरून आणलात, कठडा नाही म्हणून. ते डिलियाबाईंकडे बघत राहिले. मग हॅट घालून म्हणाले की निदान चहा तरी खरा आहे का? चहा खरा होता. सँडविच त्यांनी दोनदा मागून घेतलं. उन्हाळ्याच्या आत कठडा लागला, आणि चांगला भक्कम लागला.

टायग मात्र हॉलमध्ये आला नाही. शिंकेनंतर तो काठी टेकत, कुणाशी न बोलता, आल्या वाटेनं परत गेला होता. आठवडाभर त्याच्या खिडकीचा पडदा बंद. मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. ज्या माणसाचं मन चोरून ऐकलं त्याला काय तोंड दाखवणार?

पुढच्या शनिवारी अकराला मी फाटकापाशी उभा राहिलो. पाऊस लागला होता. डिलियाबाईंची कंबर धरली होती, शेमसला बस मिळाली होती. मेल्यावर तीन गावं आली आणि जिवंतपणी कुत्रं नाही, या गोष्टीचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? घरी परतावं म्हणून वळलो, तर समोरच्या घराचं दार उघडलं आणि ठेवणीतला काळा कोट घातलेला टायग मलोनी काठी टेकत बाहेर आला. माझ्यासमोर उभा राहिला. बराच वेळ पांढऱ्या डोळ्यांनी माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेत होता.

"आज कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

त्यानं माझा दंड धरला. "मग चल. कुणीतरी जाईपर्यंत चालू."